शिधा, खावटी आणि पेटी

शिजवलेले अन्न आणि बाजारातून आणलेले सामान या दोहोंच्या मध्ये अन्नाची एक तिसरी अवस्था आहे, आणि पाकशास्त्रावर लिहिणाऱ्यांचे तिच्याकडे क्वचितच लक्ष जाते. ज्याला शिजवायचे आहे त्याच्या वाट्याचे पीठ, डाळ, तेल, तिखट, मीठ दुसऱ्याच कोणीतरी मापून, बांधून त्याच्या दारी पोहोचते करावे, आणि त्याने केवळ चूल पेटवावी, अशी ही व्यवस्था. माझ्या आयुष्यात हे मापलेले अन्न निरनिराळ्या वेशांत येत राहिले. माजघरात तो शिधा होता, कचेरीच्या दप्तरात ती खावटी झाली, उतारवयात ते किट झाले, आणि अगदी अलीकडे परदेशात ते पुठ्ठ्याच्या पेटीतून बर्फाच्या पिशव्यांसह आले. प्रत्येक वेळी मापणारा निराळा, खाणारा निराळा आणि किंमत चुकती करणाराही निराळा होता. आणि पुरवठा शाखेत हयात घालवलेल्या माणसाला हिशेबाचे जे व्यसन जडते त्यामुळे मी ह्या चारही व्यवहारांची खतावणी मनातल्या मनात मांडीत आलो आहे.

आमचे घर नंदुरबारच्या जुन्या वस्तीतले. त्या काळी नंदुरबार हा पश्चिम खानदेशाचा, म्हणजे पुढच्या धुळे जिल्ह्याचा, एक तालुका होता. स्वतंत्र जिल्ह्याचा मान त्याला १ जुलै १९९८ रोजी मिळाला. आखाजी हा खानदेशातला मोठा सण, आणि त्या दिवशी पितरांच्या नावाने घागर भरली गेली की आमची आजी, जिला घरातले सगळेच जिजी म्हणत, शिध्याचे सूप समोर ओढी. गव्हाचे पीठ मापट्याने, तांदूळ चिपट्याने, तुरीची डाळ ओंजळीने, गुळाचा खडा, पळसाच्या द्रोणात तूप, हळकुंड, मीठ, चार लाल मिरच्या आणि वर दक्षिणेचा आणा, असे ते सूप भरत जाई. जोशीबुवांच्या घरी माणसे किती, त्यांतली दळण पचवणारी किती आणि कोणाला डाळ वर्ज्य आहे, ह्याचा सगळा तपशील जिजीच्या जिभेवर असे. एकदा माझ्या काकांनी माप आवरते घ्या असे सुचवले, तेव्हा ती अहिराणीत एवढेच म्हणाली, 'त्यान्या घर पाच तोंडे शेतस,' आणि आणखी एक मापटे पीठ सुपात पडले. प्रकाशाला तापीकाठी जाणारे बैरागी दारी आले तर त्यांच्या शिध्यात ती दोन-चार गोवऱ्याही ठेवी, कारण ज्याला घर नाही त्याला सरपणही नसणार, हे तिला कोणी शिकवावे लागले नव्हते. आखाजीलाच आमच्याकडे सालदाराचे साल बदले. त्यालाही नव्या सालाच्या आरंभी ज्वारी, डाळ, तेल मोजून मिळे, आणि त्याच्या मापात मात्र धर्मापेक्षा कराराचा भाग अधिक असे. जोशीबुवांच्या सुपावर डाळीची शीग चढे आणि सालदाराच्या मापावरून हात फिरवून ती सपाट केली जाई, हे मी लहानपणी पाहिले आहे, आणि आमच्या घराच्या दानशूरपणाविषयी बोलताना हा तपशील वगळणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

मी नोकरीत रुजू झालो तो बहात्तरच्या दुष्काळाचा काळ. अमेरिकेहून आलेला लाल मिलो स्वस्त धान्याच्या दुकानांतून वाटला जात होता आणि खडी फोडणाऱ्या मजुरांना सुकडी मिळत होती. ती सुकडी चूल न पेटवता खाता येई म्हणून माझ्या ह्या हिशेबात ती बसत नाही. पण मिलोच्या भाकरीविषयी जुनी माणसे आजही ज्या स्वरात बोलतात त्यावरून एवढे निश्चित कळते की भुकेल्याने घेतलेले अन्न आणि त्याच्या पसंतीचे अन्न ह्यांतले अंतर तो घास गिळल्यानंतरही विसरत नाही.

पुढे बदलीने अक्राणी महालात, म्हणजे धडगावला, गेलो आणि तिथे खावटी म्हणजे काय ते कळले. सातपुड्यात आषाढ-श्रावण हे महिने कठीण. गेल्या हंगामाचे धान्य कणगीत संपलेले, नवे अजून शेतात हिरवे, घाटाचा रस्ता पावसाने केव्हा बंद होईल त्याचा नेम नाही, आणि सावकाराचे दार मात्र कोणत्याही ऋतूत उघडे. ह्या दारापासून आदिवासी कुटुंबाला दूर ठेवावे म्हणून सरकारने १९७८ पासून खावटी कर्जाची योजना चालवली. काही रोख आणि काही धान्यरूपाने दिलेले ते कर्ज होते. पुढे त्याची थकबाकी माफ करण्याची वेळ आली, आणि ज्यांनी त्या वसुलीच्या याद्या डोळ्यांखालून घातल्या होत्या त्यांना त्याचे आश्चर्य वाटले नाही. जो पोटासाठी कर्ज काढतो तो ते कशातून फेडणार?

ह्याच खावटीचे एक दुसरे, कठोर रूप जिल्ह्याच्या पश्चिम सीमेपलीकडे आहे. नवापूर, अक्कलकुवा, धडगाव भागांतून दिवाळीनंतर कोयता घेऊन बारडोली-सुरतेकडे ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्यांना मुकादमाकडून पंधरवड्याच्या बोलीने ज्वारी मिळते. तिलाही खावटीच म्हणतात, आणि तिची किंमत हंगामाअखेर मजुरीतून व्याजासह वळती केली जाते. हेही मापलेले अन्न मुक्कामावर पोहोचते झालेलेच. मात्र घेणाऱ्याने त्याची जी किंमत दिली ती त्याला घेताना कोणी सांगितलेली नसते. अन्नाची पोच सुलभ असली म्हणजे ते स्वस्त असते असे नाही, हा धडा मला तिथे मिळाला.

मी निवृत्त झाल्यावर कितीतरी वर्षांनी, टाळेबंदीच्या संकटात, ९ सप्टेंबर २०२० रोजी शासनाने खावटी कर्जाऐवजी खावटी अनुदान जाहीर केले. राज्यातील सुमारे साडेअकरा लाख आदिवासी कुटुंबांना प्रत्येकी चार हजार रुपये. त्यांपैकी दोन हजार बँकेत आणि दोन हजारांच्या वस्तू. मटकी, चवळी, हरभरा, वाटाणा, उडीदडाळ, तूरडाळ, साखर, शेंगदाणा तेल, गरम मसाला, मिरचीपूड, मीठ आणि चहा अशी ती यादी वाचताना माझ्यातला जुना कारकून मिरचीपुडीपाशी थबकला. ज्या नंदुरबारात हिवाळाभर गावाबाहेरच्या पथारींवर लाल मिरची वाळत असते, वारा फिरला की शहरभर ठसका लागतो, आणि जिथून देशभरच्या मसाल्यांच्या गिरण्यांना माल जातो, त्या जिल्ह्यातल्या बाईला पुडीत बांधलेली मिरची पोहोचवायची! तूरडाळीचेही तसेच, नवापूरच्या तूरडाळीला २०१६ साली भौगोलिक निर्देशांकाचा दाखला मिळालेला आहे. उलट मका, ज्वारी, मोर, भादी ही जी धान्ये डोंगरातल्या चुलीवर रोज चढतात त्यांचा त्या यादीत मागमूस नव्हता. यादी वाईट होती असे मी म्हणत नाही. कडधान्यांची तिथे खरोखरच उणीव असते, आणि ज्या जिल्ह्याचे नाव कुपोषणाच्या प्रत्येक अहवालात असते तिथे डाळ आणि तेल देणे शहाणपणाचेच आहे. पण ती यादी साऱ्या राज्याला एकच होती, आणि एकच यादी सर्वांना लागू करायची म्हणजे खाणारा कोण आहे हा प्रश्न आधीच बाजूला ठेवावा लागतो. देशातले पहिले आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी आमच्याच शहादा तालुक्यातल्या टेंभलीला दिले गेले. त्या क्रमांकाने आणि अंगठ्याने माणूस कोण हे दुकानदाराच्या यंत्राला कळते, पण तो काय खातो हे कळण्याची सोय अद्याप निघालेली नाही.

तेव्हा वस्तू द्याव्यात की रोख, असा वाद चालला होता. रोख दिली तर ती दारूत जाईल असे म्हणणारे लोक मला नेहमी भेटतात, आणि त्यांपैकी बहुतेकांचा स्वतःचा पगार रोखच होतो. तरीही रोखीचा पक्ष मी सरसकट घेणार नाही. पावसाळ्यात घाट बंद झाला की धडगावच्या बाजारात नोटांनी डाळ मिळेलच असे नाही, आणि मिळाली तर तिचा भाव दुकानदाराच्या मर्जीचा असतो. २०२२ च्या दिवाळीपासून आलेला 'आनंदाचा शिधा', शंभर रुपयांत रवा, साखर, चणाडाळ आणि पामतेल, ह्याविषयी फारसे लिहिण्यासारखे नाही. शंभर रुपयांत तेवढे सामान बाजारात येत नाही, म्हणून घेणाऱ्याचा तो निर्विवाद फायदा होता. किंमत तिजोरीने सोसली, आणि ती सोसेनाशी झाल्यावर २०२५ च्या सणासुदीला तो शिधा आला नाही.

आता पेटी. पुतणी न्यू जर्सीत असते, आणि तिच्याकडे एका हिवाळ्यात मुक्काम पडला असताना दर आठवड्याला दाराशी ती येताना मी पाहिली. धंदा तसा नवा. बर्लिनची हॅलोफ्रेश २०११ मधली, न्यूयॉर्कची ब्लू एप्रन २०१२ मधली. पुतणीकडे पेटी कोणत्या कंपनीची येई ते लिहिण्याचे प्रयोजन नाही, सगळ्यांची ठेवण एकच. आत तीन जेवणांचे सामान, दोन माणसांपुरते: लसणाची मोजून एक पाकळी, कांद्याच्या पातीच्या दोन काड्या, अंगठ्याएवढ्या बाटलीत सिरका, चिमूटभर जिऱ्याची पुडी, आणि गुळगुळीत कागदावर छापलेली सचित्र कृती. जिऱ्याची ती पुडी हातात घेऊन मी बराच वेळ पाहत राहिलो. जिऱ्यापेक्षा पुडीचे वजन अधिक होते.

पुतणीने विचारले, 'काका, तुम्ही इतकी वर्षे रेशनचे हिशेब पाहिलेत. ह्याचे पैसे वसूल होतात का हो?' माणशी एका जेवणाला साधारण दहा डॉलर पडत. ओक ट्री रोडवरच्या भारतीय दुकानातून तेवढेच सामान आणले तर निम्म्याहून कमी खर्च येई, हे आम्ही एका रविवारी वह्या मांडून पडताळून पाहिले. परंतु हिशेब इथे संपत नाही. दुकानात लसणाचा गड्डा घ्यावा लागतो, पातीची जुडी घ्यावी लागते, सिरक्याची बाटली घ्यावी लागते, आणि दोघेही सायंकाळी सातला घरी येणाऱ्या जोडप्याच्या शीतकपाटात त्यांतले पुष्कळसे सडून जाते. मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ साली दाखवून दिले की तेच जेवण दुकानातून सामान आणून केले तर त्यापायी वातावरणात जाणारा हरितगृह वायू पेटीतल्या जेवणाच्या मानाने सरासरी एक-तृतीयांश अधिक भरतो, आणि त्याचे मोठे कारण म्हणजे वाया जाणारे अन्न. तेव्हा पुठ्ठा आणि बर्फाच्या पिशव्या पाहून नाक मुरडणाऱ्या माझ्यासारख्याला तोंड आवरते घ्यावे लागले. आमच्या माजघरात मात्र वाया जाणे हा प्रकारच नव्हता, शिळ्या भाकरीचा सकाळी कुस्करा होई आणि उरलेल्या वरणात दुपारी पीठ भिजे. अर्थात तिथे हे सांभाळायला एक बाई दिवसभर घरात असे, आणि तिच्या त्या दिवसाची किंमत कोणी कधी वहीत लिहिली नाही, हेही खरेच.

पेटीचा खरा लाभ मी पाहिला तो निराळाच. आमचे जावईबापू, ज्यांनी विवाहापूर्वी चहाखेरीज काही उकळवले नव्हते, ते त्या सचित्र कागदापुढे उभे राहून आधी तेल तापू द्यायला, मग कांदा परतायला, मग मीठ चाखून पाहायला शिकले, आणि महिनाभरात कागदाकडे न पाहता वरणाला फोडणी घालू लागले. ही शिकवणी होती, आणि शिकवणीची फी म्हणून पाहिले तर दहा डॉलर महाग नव्हते. गोम एवढीच की शिकवणी संपली तरी फी चालू राहते, आणि ज्याची शिकवणी संपली तो शहाणा विद्यार्थी निघून जातो. ह्या कंपन्यांचे दुखणे नेमके हेच ठरले. सवलतीच्या लोभाने आलेली गिऱ्हाइके सवलत सरताच पांगली, आणि नव्यांना बोलावण्यात जाहिरातीचा पैसा ओतावा लागला. जून २०१७ मध्ये दर भागाला दहा डॉलर घेऊन शेअर बाजारात उतरलेली, जवळपास दोन अब्ज डॉलरची मानली गेलेली ब्लू एप्रन २०२३ मध्ये दहा कोटी तीस लाख डॉलरांत विकली गेली.

मापण्याचे श्रम कोणी कोणासाठी करावे, ह्यावर मला ह्या साऱ्या व्यवहारांचे मोल अवलंबून दिसते. जिजीने मापले ते जोशीबुवांचे घर ओळखून, आणि किंमत स्वतः सोसून. सरकारने मापले ते घर न ओळखता, पण किंमत सोसून. मुकादमाने मापले तेव्हा घर त्याला पक्के ठाऊक होते, आणि किंमत त्याने दामदुपटीने वसूल केली. पेटीवाला घर ओळखत नाही, किंमतही सोसत नाही. तो फक्त माप नीट करतो, आणि त्या मापाचेच पैसे घेतो. ज्याला माप येत नाही त्याने ते द्यावेत, ज्याला येते त्याने देण्याचे कारण नाही.

पुतणीला मी सांगितले ते असे: एकट्या राहणाऱ्या नोकरदाराने किंवा नव्या जोडप्याने दोन-तीन महिने पेटी खुशाल घ्यावी, कृतीचे कागद फाईलला लावून ठेवावेत आणि मग वर्गणी बंद करावी, मुलेबाळे असलेल्या घराने त्या खर्चात पडू नये. मायबाप सरकारलाही एक विनंती आहे. सातपुड्यासाठी पुन्हा कधी खावटीचे किट बांधले गेले तर त्याची यादी धडगाव-अक्कलकुव्याच्या बायकांना विचारून करावी, आणि त्यातली मिरची नंदुरबारच्या बाजार समितीत, डाळ नवापुरात आणि ज्वारी-मका त्याच डोंगरातल्या शेतकऱ्यांकडून हमीभावाने विकत घ्यावा.