उसन्या फोनवरचा प्रश्न

गेल्या पावसाळ्यात तास संपल्यावर एक विद्यार्थिनी मागे रेंगाळली. मी तालुक्याच्या गावी मराठी शिकवते. मुली अशा रेंगाळतात त्या बहुधा अंतर्गत गुणांसाठी. हिने विचारले, "मॅडम, श्वेतप्रदर म्हणजे मरायचा आजार का?"

भावाचा फोन रात्री चार्जिंगला लावलेला असताना तिने त्यावर 'अंगावरून पांढरं जातं' एवढेच शब्द शोधले होते. समोर आली ती कुठल्याशा औषधाची जाहिरात. या आजाराने हाडे झिजतात, शरीर आतून पोखरले जाते, असे तीत लिहिलेले. वाचून झाल्यावर तिने शोधाच्या खुणा पुसल्या आणि फोन होता तसा ठेवला. पुढचे तीन आठवडे ती हाडे झिजण्याची वाट पाहत होती.

थोडाफार पांढरा स्राव निरोगी बाईलाही होतो. दुर्गंधी, खाज किंवा रंगात बदल असेल तर डॉक्टरांकडे जावे. एवढेच तिला हवे होते. मला स्वतःला ते दुसऱ्या बाळंतपणाच्या वेळी एका परिचारिकेने सांगितले, तोवर मी एम. ए. होऊन सात वर्षे झाली होती. मुलीला हे सांगताना रिकाम्या वर्गातही माझा आवाज आपोआप खाली गेला.

र. धों. कर्वे यांचे 'समाजस्वास्थ्य' १९२७ पासून १९५३ पर्यंत चालले. वाचक प्रश्न पाठवीत, उत्तरे छापून येत. या उत्तरांपायीच कर्व्यांवर खटला झाला. १९३४ साली डॉ. आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले, तरी दंड व्हायचा तो झालाच. आपण हा प्रसंग विचारस्वातंत्र्याचा म्हणून शिकवतो, आणि तो आहेच. पण मला आता त्यात पत्र पाठवू न शकलेली बाई दिसते. तिला लिहिता यायला हवे होते, आणि पोस्टाच्या पेटीपर्यंत एकटीने जाताही.

फोनमुळे ही पायपीट संपली, असे म्हणावेसे वाटते खरे. मात्र २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात स्वतः वापरता येईल असा मोबाइल असलेल्या स्त्रिया देशात ५४ टक्केच होत्या. बाकीच्यांचे सगळे उसनवारीवर. केंद्र सरकारने २०१६ मध्ये सुरू केलेल्या 'किलकारी' योजनेत चौथ्या महिन्यापासून मूल वर्षाचे होईपर्यंत दर आठवड्याला ध्वनिसंदेश येतो. अक्षरओळख नसलेल्या बाईच्या कानाशी कोणी तिच्या तब्येतीविषयी नीट बोलावे, ही मला लहान गोष्ट वाटत नाही. पण तो आवाज बोलतो, ऐकत नाही. शिवाय नोंद होते ती गरोदर म्हणून. माझी विद्यार्थिनी त्या यादीत बसणार कशी?

आणि विचारायचे तरी कोणत्या शब्दांत? दिवस जाणे, कावळा शिवणे, अंगावरून जाणे, अंग बाहेर येणे. बायकांनी लपवण्यासाठी घडवलेली ही भाषा. तरी तिच्यात दुखणे नेमके कळते. पुस्तकातला 'गर्भाशयभ्रंश' हा शब्द तर बाईवर ठेवलेल्या आरोपासारखा ऐकू येतो. या दोन टोकांमध्ये उरतात त्या शिव्या. शरीराला साधे नाव देणे आपल्या प्रमाणभाषेने टाळले, आणि ते टाळण्यात आम्हा मराठीच्या शिक्षकांचाही हात आहे. असो.

यंदा बोलीच्या प्रकल्पासाठी मी मुलींना घरातल्या बायकांकडून हे शब्द गोळा करायला सांगितले. ओळखीच्या एक डॉक्टरबाई त्याच शब्दांत उत्तरे द्यायला तयार झाल्या आहेत. उत्तरे फोनवर ध्वनिमुद्रित करायची, ऐकून झाली की पुसता येतील अशी. एकेक उत्तर किती लांब असावे यावर बरीच चर्चा झाली. मी पाच मिनिटे म्हणत होते. मुलींनी दीड मिनिट ठरवले. भाऊ आंघोळीला गेला, की निवांत ऐकायला तेवढाच वेळ मिळतो म्हणे.