ओव्हरले प्रोटोकॉल : फायदे, तोटे आणि आपली बदलापूर लाइन

बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर ही आपली रोजची स्टेशनं. याच लाइनवरून कोल्हापूरची महालक्ष्मी एक्सप्रेसही जाते. तिच्यात झोपलेल्या प्रवाशाच्या तिकिटावर फक्त मुंबई आणि कोल्हापूर. बदलापूर कधी गेलं ते त्याला कळतही नाही. ओव्हरले शिकवताना मी फळ्यावर हाच नकाशा काढते.

ओव्हरले म्हणजे आधीच असलेल्या नेटवर्कवर बांधलेलं दुसरं नेटवर्क. पाकिटात पाकीट घातल्यासारखं! आतल्या पाकिटावर खरा पत्ता आणि बाहेरच्यावर रस्त्यातल्या राऊटरला कळेल असा. तुमच्या घरातल्यांच्या ऑफिसचं व्हीपीएन असंच चालतं.

मोठा फायदा म्हणजे खोदकाम नाही, कुणाची परवानगी नाही. 15 ऑगस्ट 1995 रोजी व्हीएसएनएलने लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं, ते टेलिफोनच्या तारेवरच बसवून. (आता गंमत बघा, फोनच इंटरनेटवर बसून जातो.) दुसरं उदाहरण डेटा सेंटरचं. जुन्या व्हीलॅनमध्ये जेमतेम 4094 वेगळी नेटवर्क मावत; व्हीएक्सलॅन या ओव्हरलेने ती मर्यादा 1 कोटी 60 लाखांच्या वर नेली.

पण बाहेरच्या पाकिटालाही वजन असतं ना? व्हीएक्सलॅन प्रत्येक पॅकेटमागे 50 बाइट खातं. इथरनेटवर पॅकेटची नेहमीची मर्यादा 1500 बाइट. ती ओलांडली की पॅकेट तुटतं किंवा टाकून दिलं जातं. म्हणून कधी कधी छोटा मेसेज जातो आणि मोठी फाइल मात्र अडकून बसते. शिवाय अंबरनाथ ते बदलापूर पाठवलेला निरोप व्हीपीएनचा सर्व्हर सिंगापूरला असेल तर सिंगापूर फिरून येतो. आणि व्हीपीएन चालू ठेवून ट्रेसरूट चालवून बघा, मधले राऊटर गायब! बिघाड नेमका कुठे झालाय, ते शोधणार कसं?

मला सगळ्यात घातक वाटतो तो तोटा वेगळाच आहे. 27 जुलै 2019 ला उल्हास नदीचं पाणी चढलं आणि महालक्ष्मी बदलापूर-वांगणीच्या मध्ये अडकली. हजाराच्या आसपास प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. लोकल वेगळी, एक्सप्रेस वेगळी, वेळापत्रकंही वेगळी. पण पाण्याखाली गेलेला मार्ग एकच होता.

उल्हासनगरची माझी एक माजी विद्यार्थिनी घरून काम करते. नेट बंद पडलं की पगार कापला जातो, म्हणून तिने दोन कंपन्यांची कनेक्शनं घेतली, वर दोन व्हीपीएन. गल्लीत रस्ता खोदला आणि दोन्ही एकदमच बंद! दोन्ही केबल एकाच चरातून आल्या होत्या. आता तिने एक केबल काढून मोबाइलचं सिम घेतलंय. त्या टॉवरची केबल कुठल्या चरातून येते, हे मात्र तिला अजून कोणी सांगितलेलं नाही.