लाकडाचे मोल

गडमुडशिंगीतील आमचे वडिलोपार्जित घर आम्ही विकावयास काढले आहे. आम्ही भावंडे नोकरीनिमित्त पांगलो. कुलूप उघडावयासही तेथे कोणी उरले नाही. दगडी तळखड्यांवर सागवानी खांब, खांबांवर तुळया आणि वर माडी, अशी त्याची ठेवण. घराचा भार लाकडाचा सांगाडा वाहतो, मातीच्या भिंती केवळ आडोसा करतात. म्हणून भिंत खचली तरी असे घर उभे राहते.

दोन वर्षांपूर्वी आम्ही दुरुस्तीस हात घातला. कुजके वासे बदलले, छप्पर शाकारले आणि जवळचा पैसा संपला. मागील भिंतीस पूर्वी आम्हीच सिमेंटचा गिलावा केला होता. त्याने ओल आत कोंडली व माती भुसभुशीत झाली. तो काढून चुन्याचा गिलावा करणे राहिले आहे. दोन खांबांचे बुंधेही कुजले आहेत. तेवढा भाग कापून सागाचा जोड द्यावा लागेल.

गिऱ्हाइके आली, ती बहुधा लाकडाची. एकाने खांबावर टिचकी मारून भाव सांगितला. घर म्हणून कोणी देऊ केले होते, त्याहून तो अधिक होता. आजी त्याच खांबाला टेकून पवित्र माळेची प्रार्थना सांगत असे.

८ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापुरातील केशवराव भोसले नाट्यगृह आगीत जळाले, तेव्हा सारे शहर हळहळले. शाहू महाराजांनी उभारलेली ती वास्तू होती. खेड्यातल्या घरासाठी शहर हळहळत नाही. ते त्या घरच्यांनीच करावयाचे असते.

जाहिरातीचा मजकूर लिहिताना आम्ही प्रथम कुजक्या खांबांचा उल्लेख टाळला. मग आठवी आज्ञा आठवली. शिवाय फसलेला माणूस पहिल्याच पावसाळ्यानंतर लाकूडवाल्याकडे जाईल, हेही उमगले. आता सारे दोष लिहिले आहेत, किंमत उतरवली आहे आणि ‘राहणाऱ्यास प्राधान्य’ असे नमूद केले आहे. धाकट्या बहिणीच्या मुलीचे शिक्षण अजून व्हावयाचे आहे. तरीही तिने कमी वाटा पत्करला. ‘हो’ म्हणण्यापूर्वी ती बराच वेळ गप्प होती.

कोनाड्यात संत योसेफाची तसबीर आहे. नवा धनी येईपर्यंत त्या सुताराने तेथेच राहावे, असे आम्ही ठरवले आहे.