खाणीतला गारवा आणि पेल्टनचे चाक

सोन्याच्या खाणींचा इतिहास वाचताना मी बरीच वर्षे केवळ सोन्याच्याच मागे होतो. उष्णतेकडे लक्ष गेले ते फार उशिरा. जोहान्सबर्गजवळची म्पोनेंग ही खाण जवळजवळ ४ किलोमीटर खोल आहे आणि तिच्या तळाशी खडकाचे तापमान ६० अंश सेल्सिअसच्याही वर जाते.

या प्रदेशातील रॉबिन्सन डीप खाणीत १९३५ साली मोठी शीतकरण यंत्रणा बसली. तथापि गारवा महाग होता, माणूस स्वस्त. पुढेही कित्येक दशके नव्या कृष्णवर्णीय मजुरांना आधी उष्णतेची सवय लावायची, त्यांची सहनशक्ती तपासायची आणि मगच खाली धाडायचे, अशी रीत होती. खाण माणसाजोगी करण्याऐवजी माणूसच खाणीजोगा केला जाई.

गारवा इतका महाग का? वरून हवा सोडली की भागले, असे मलाही वाटत असे. परंतु खाली उतरणारी कोरडी हवा दाबली जाऊन दर किलोमीटरला सुमारे १० अंशांनी तापते. म्हणून थंड पाणी पाठवतात. ते उतरते आपोआप. खर्च आहे तो उपशाचा. १ किलो पाणी २० अंशांनी तापताना ८४ किलोज्यूल उष्णता शोषते, पण तेच ३ किलोमीटर वर चढवायला किमान २९ किलोज्यूल लागतात. तेवढी उष्णता काढून घ्यायला शीतयंत्राला सहसा याहून कमी वीज पुरते! शिवाय पाणी नुसतेच कोसळू दिले, तर आपल्याच वेगाच्या घर्षणाने ते तळाशी ७ अंशांनी तापलेले पोहोचते. गारव्याचा तिसरा हिस्सा वाटेतच संपला.

इथे मला इतिहासातली एक गोड परतफेड दिसते. सोन्याच्या ओढीने गजबजलेल्या कॅलिफोर्नियात लेस्टर पेल्टन या कारागिराने १८८० साली एका पाणचक्कीचे पेटंट घेतले. तिथल्या खाणींना स्वस्त शक्ती हवी होती, त्यातून ती जन्मली. (आपल्या खोपोलीच्या वीजकेंद्रात १९१५ मध्ये फिरू लागली ती याच जातीची चाके.) पुढे दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींत हेच चाक खोलवर बसवले गेले. कोसळणारे थंड पाणी ते फिरवते. मिळालेली शक्ती उपशाला लागते आणि पाणीही कमी तापते.

याहून खोल गेल्यावर बर्फ परवडू लागतो. तो बनवायला वीज अधिक लागते खरी, परंतु १ किलो बर्फ वितळतानाच ३३४ किलोज्यूल शोषतो. म्हणजे वर चढवायचे पाणी कितीतरी घटते. म्पोनेंगमध्ये असा बर्फाचा लगदा खाली सोडतात. त्यावरून वाहणारी हवा जिथवर गार राहते, तिथवरच माणसाला पाळीभर काम करता येते.