उसनें बळ

सदर बाजार हें नांव ज्या गांवीं आढळतें, तेथें पूर्वीं बहुधा इंग्रजी छावणी असे. आमच्या जालन्यांतहि तें आहे. एकोणिसाव्या शतकांत येथें हैदराबाद कंटिंजंटची फौज राही. राज्य निजामाचें, पगार निजामाच्या खजिन्यांतून, हुकूम मात्र इंग्रज अधिकाऱ्यांचा!

लष्करी शिक्षणाच्या प्रवेशपरीक्षेचा अभ्यास करणाऱ्या माझ्या पुतण्यानें मध्यंतरीं मला विचारलें, "काका, कोकेनच्या पैशावर पोसलेल्या बंडखोरांशीं झुंजणाऱ्या राष्ट्रानें बलाढ्य मित्राची लष्करी मदत घेतली, तर बिघडलें कोठें?" त्याच्यापुढें कोलंबियाचें उदाहरण होतें. माझे वडील बंधु लगेच म्हणाले, "घराला आग लागली असतां शेजाऱ्याची घागर कोणी परत करीत नाहीं." वाद बराच रंगला. त्यांत मीं जी बाजू मांडली, ती वाचकांपुढें ठेवतों.

कोलंबियांत 'फार्क' ही बंडखोर संघटना १९६४ पासून लढत होती. कोकेन ज्या झुडपापासून होतें, त्या कोकाच्या पिकावर व व्यापारावर कर बसवून तिनें पुढें आपला खजिना भरला. २००० सालीं अमेरिकेनें 'प्लॅन कोलंबिया'साठीं मदत मंजूर केली. हेलिकॉप्टरें, लष्करी शिक्षण, टेहळणीचीं साधनें आलीं. सैन्य सुधारलें, बंडखोर मागें हटले आणि २०१६ सालीं त्यांनीं सरकारशीं तह केला. हें यश नाकारणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. विशेष हें कीं, अमेरिकन काँग्रेसनें तेथील आपल्या सैनिकांच्या संख्येस कायद्यानेंच मर्यादा घातली होती. लढाई व हुकूम कोलंबियाच्याच हातीं राहिला.

निजामाच्या दरबारीं नेमकें उलट घडलें. १७९५ सालीं खर्ड्यास मराठ्यांकडून पराभव झाल्यावर निजाम अलीला आधार हवा होता. १७९८ च्या तहानें त्यानें इंग्रजांची तैनाती फौज घेतली. १८०० सालीं तिच्या खर्चासाठीं बल्लारी, कडप्पा हे मुलूख तोडून द्यावे लागले. १८५३ सालीं कंटिंजंटच्या थकलेल्या खर्चापोटीं वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या ताब्यांत गेला, आणि १९०२ सालीं तो वार्षिक २५ लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्यानें त्यांच्याकडेच राहिला. आपण तरी निजामास काय म्हणून हंसावें? दुसऱ्या बाजीरावानें ३१ डिसेंबर १८०२ रोजीं वसईस तीच वाट धरली. पुढील २३ सप्टेंबरला हल्लींच्या जालना जिल्ह्यांतील आसई येथें शिंद्यांच्या तोफा इंग्रजांच्या हातीं पडल्या.

परंतु हुकूम आपल्या हातीं राहिला म्हणजे सर्व साधलें, असेंहि नाहीं. संयुक्त राष्ट्रांच्या मोजणीप्रमाणें कोलंबियांत २००० सालीं सुमारें १,६३,००० हेक्टरांत कोका होता. २०१३ सालीं हा आंकडा ४८,००० वर उतरला, आणि २०२३ सालीं २,५३,००० वर चढला. विमानांतून होणारी तणनाशकाची फवारणी २०१५ सालीं थांबविण्यांत आली होती. पण खरें कारण त्याहून खोल आहे. रस्ता नसलेल्या डोंगरी मुलुखांत केळीं, मका बाजारीं नेण्याचा खर्चच निघत नाहीं. कोकाचा व्यापारी मात्र दारीं येऊन रोख पैसे मोजतो. मोसंबी वेळेवर बाजारांत न पोंचल्यास काय होतें, हें जाणणाऱ्या जालन्याच्या शेतकऱ्यास ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाहीं.

म्हणून बंधूंची घागर मला मान्य आहे. पण ती घेतांनाच हुकूम कोणाचा, मुदत किती आणि फौजेमागून रस्ता व बाजार केव्हां येणार, हें तीनहि प्रश्न विचारून घ्यावे. निजामानें पहिल्या दोहोंकडे पाहिलें नाहीं, कोलंबियाचा तिसरा अर्धवट राहिला. उद्यां आमच्या घरचा मुलगा गणवेश चढवील, तेव्हां त्यालाहि हे तीन प्रश्न ठाऊक असावे, एवढीच इच्छा.