वाट आणि अपेक्षा

भाषांतराच्या तासाला एकदा मी फळ्यावर एक सोपे इंग्रजी वाक्य लिहिले : ‘शी इज एक्स्पेक्टिंग.’ एका विद्यार्थ्याने उत्साहाने सांगितले, ‘ती अपेक्षा करीत आहे.’ वर्ग हसला, मीही हसलो. ‘अरे बाबा, तिला दिवस गेले आहेत!’ असे म्हणून मी पुढे व्याख्यानच झोडले. लॅटिनमध्ये या ‘एक्स्पेक्ट’चा मूळ अर्थ बाहेर नजर लावून बसणे. आपल्या ‘अपेक्षे’तही ‘ईक्ष्’ धातू, म्हणजे पाहणे, आहेच. आणि वाट तर आपण पाहतोच! तिघेही पाहणारेच, मग फरक कोणता? इंग्रजांच्या या क्रियापदाला पाहुणा काय, पगारवाढ काय, नि संकट काय, सगळे सारखेच. पण मराठीतला भेद त्या तासाला मला काही नीट सांगता आला नाही. तो सांगितला माझ्या आईने.

२०१९ चा ऑगस्ट. सांगलीत कृष्णा चढत होती. आयर्विन पुलाजवळची ४५ फुटांची धोक्याची पातळी तिने केव्हाच ओलांडली होती. आई साताऱ्याला एकटी. शनिवारी येतो, असे मी तिला कबूल केले होते; तसे त्या वर्षी तीनदा कबूल केले होते.

‘आई, पाणी अपेक्षित होतं,’ मी फोनवर म्हणालो, ‘पण एवढं नव्हतं गं.’

‘पाण्याची रे कसली अपेक्षा? पाण्याची धास्ती घ्यावी, देण्याघेण्याची अपेक्षा करावी, आणि माणसाची वाट पाहावी.’ जरा थांबून ती म्हणाली, ‘माहुलीचं पाणी न बोलावता तुझ्या दारी पोचलं. तू मात्र—’

ते वाक्य तिने पुरे केले नाही. बाहेर पाणी होते म्हणून बरे; नाहीतर सबब कोणती सांगणार होतो?

पूर ओसरल्यावर मिळेल त्या एस.टी.ने साताऱ्याला गेलो. आई ओट्यावर बसली होती, गल्लीच्या वळणाकडे तोंड करून. ओशाळून मी विचारले, ‘तुला काही हवंय का? काही अपेक्षा असेल तर सांग.’

‘छे रे! आता कसली अपेक्षा?’

तेव्हा उमगले. अपेक्षा करणाऱ्याची नजर येणाऱ्याच्या हाताकडे असते. वाट पाहणाऱ्याची रस्त्याकडे. माझ्या पिशवीत काय आहे, हे आईने संध्याकाळपर्यंत विचारले नाही.