वहीवरचा लाल शेरा

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सगळे डहाणूला नणंदेकडे गेलो होतो. जुन्नरहून माळशेज घाट उतरून कल्याणमार्गे दिवसभराचा प्रवास. दुसऱ्या दिवशी नणंद म्हणाली, ‘‘भाभी, जवळच्या पाड्यावर एक वारली चित्रकार घरीच चित्रं शिकवतात. मुलीला घेऊन जाऊ या का?’’ सासूबाईंनी लगेच विचारलं, ‘‘जानदारांची चित्रं काढणार?’’ मी म्हटलं, ‘‘अम्मी, मी झाडं आणि डोंगर काढेन.’’ त्यावर त्यांचीही हरकत नव्हती.

चित्रकार दादांच्या ओसरीवर आम्ही सहा-सात जण बसलो. तांदूळ भिजवून वाटलेला, त्यात थोडा डिंक. हा पांढरा रंग. गेरूने सारवलेलं कापड ही भिंत, आणि टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी हा ब्रश. वीस वर्षं फळ्यावर लिहिणारा माझा हात त्या काडीपुढे थरथरत होता.

दादांनी सांगितलं, पूर्वी ही चित्रं बायकाच काढत. लग्नघरात भिंतीवर चौक लिहायचा मान सुवासिनींचा. चौकाच्या मध्यभागी त्यांची पालघाट देवी असते. ‘‘तो चौक मी इथं शिकवत नाही. तो लग्नघरातच लिहायचा,’’ ते म्हणाले. मला ते फार आवडलं. आपल्या श्रद्धेची गोष्ट त्यांनी विकायला काढली नव्हती, आणि आमच्यावर लादलीही नव्हती.

१९७०च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्यासारख्यांनी या चित्रांकडे बाहेरच्या जगाचं लक्ष वेधलं. त्याच काळात डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे रोज चित्रं काढू लागले आणि पुरुषांच्या हाती ही काडी आली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची चित्रं परदेशात पोहोचली.

मी डोंगर काढला, खाली भाताचं खाचर. शेजारी बसलेल्या माझ्या मुलीने भात लावणारी बाई काढली. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून, वर एक गोल. मग त्या गोलात ती डोळे काढू लागली. दादा हसून म्हणाले, ‘‘नाक-डोळे नको बेटा. कंबर किती वाकली ते बघ. बाई दमली का खुशीत आहे, ते कंबरच सांगते.’’

माझी काडी हातातच राहिली.

माझी शाळा आंबेगाव तालुक्यात, डिंभे धरणाच्या बाजूला. वर्गात बरीच मुलं महादेव कोळी आणि ठाकर समाजाची. सहावीतल्या एका ठाकर मुलीने ‘आमची शेती’ या विषयावर चित्र काढलं होतं. आवणीला वाकलेल्या बायकांची रांग, काड्यांसारखी, चेहरे नसलेली. मी लाल शाईने शेरा दिला होता, ‘माणसांना नाक-डोळे कुठे आहेत? पुन्हा काढ.’ तिने पुन्हा काढलं नाही. त्यानंतर चित्रकलेच्या तासाला ती नुसती बसून राहायची. मी तिला आळशी समजत होते.

परतीच्या वाटेवर हे मी यांना सांगितलं. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘आमचं आडनाव कागजी. आजोबा हाताने कागद करायचे. जुन्नरी कागदाचं एके काळी केवढं नाव होतं! गिरणीच्या कागदाने तो धंदा बसला हे खरं. पण आम्हालाही घरात लगदा कुटतात हे सांगायची शाळेत लाज वाटायची. म्हणून आम्ही कधी शिकलोच नाही.’’ लग्नाला एकवीस वर्षं झाली, हे मी पहिल्यांदाच ऐकत होते.

शाळा उघडली त्या दिवशी मी माझं कापड वर्गात नेलं. भिंतीवर लावून सांगितलं, ‘‘हे मी एका वारली गुरुजींकडून शिकले. माझ्या रेघा वाकड्या आल्यात.’’ मग त्या मुलीची जुनी वही मागितली, माझा शेरा खोडला आणि सगळ्यांसमोर म्हटलं, ‘‘बेटा, इथं मी चुकले होते.’’ ती काही बोलली नाही, खाली मान घालून बसली. तास संपताना मात्र जवळ येऊन हळूच म्हणाली, ‘‘बाई, तुमच्या खाचराला बांध नाही. पाणी वाहून जाईल.’’

मी तिच्या हातात काडी दिली. तिने दोन रेघांत बांध घातला.

ते कापड आता आमच्या ओसरीत आहे. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्यांना कौतुकाने दाखवतात, ‘‘हा बांध बहूच्या विद्यार्थिनीने घातलाय.’’ आपण मुलांना इल्म देतो असं आपल्याला वाटतं. मुलं घरून काय घेऊन येतात, तेही कधी विचारलं पाहिजे. माझ्या हातातला लाल पेन आता जरा उशिरा उघडतो.